पाण्याचा हिशेब ठेवणारे आमचे काका : आठवणींचा अनुभव धागा

पुतणी, फोंडा

आमचे काका गोव्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पाणीपुरवठा विभागात अभियंता होते. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य शाखेची पदवी घेऊन ते खात्यात लागले आणि फोंडा, डिचोली, सत्तरी असे बदलीनुसार फिरत राहिले. नोकरीची शेवटची चार वर्षे आणि निवृत्तीनंतरची सात, अशी अकरा वर्षे त्यांनी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या अवस्थेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेत काढली. पुढच्या महिन्यात त्यांचे वर्षश्राद्ध आहे. ज्यांनी त्यांना जवळून पाहिले त्यांनी चार ओळी लिहाव्यात, अशी मी विनंती केली. नावे घालायची नाहीत, नाते किंवा काम तेवढे सांगायचे आणि स्तुती न करता घडलेले लिहायचे, एवढेच ठरले. काकांना आपले नाव कुठल्या पाटीवर आलेले कधीच आवडले नाही.

त्यांच्या हाताखालचा कनिष्ठ अभियंता

साहेबांचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा आम्ही आपसांत ठरवून प्रत्यक्ष जागेवरच्या कामांच्या फाइली त्यांच्याकडे पाठवणे बंद केले. त्यांना त्रास नको, असे आम्हाला मनापासून वाटत होते. दोन आठवडे ते काही बोलले नाहीत. मग मला खुर्चीत बसवून त्यांनी विचारले, "सोमवार, बुधवार, शुक्रवारचे चार-चार तास माझे गेले, हे मला मान्य आहे. आठवड्याचे बाकीचे तास तुम्ही कोणत्या हिशेबाने कापलेत?" मला उत्तर देता आले नाही, आणि त्या प्रसंगाची लाज मला अजून वाटते. त्याच संध्याकाळी सगळ्या फाइली त्यांच्या टेबलावर परत गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात मी त्यांच्याबरोबर ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रावर होतो. खांडेपार नदीला पूर आला की शुद्धीकरण केंद्रात येणारे पाणी तांबडे होते आणि तुरटीची मात्रा पुनःपुन्हा ठरवावी लागते. सहा काचपात्रांत वेगवेगळी मात्रा घालून गाळ कुठे लवकर बसतो हे पाहण्याची जी चाचणी असते, तिच्यासमोर ते स्टुलावर बसून राहिले. डावा हात त्यांनी छातीशी धरला होता, कारण त्या हातात डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी केलेला फिस्च्युला होता. तो हात त्यांनी माझ्यापुढे केला आणि बोटे ठेवायला सांगितली. कातडीखाली एक सततची थरथर लागत होती. धमनी थेट शिरेला जोडली म्हणजे शिरेतला प्रवाह किती वाढतो आणि तिची भिंत हळूहळू जाड का होते, हे त्यांनी मला जलवाहिनीचे उदाहरण देऊन समजावले. स्वतःच्या शरीराविषयी इतक्या शांतपणे बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यांची पत्नी

दिवसाला एक लिटर, एवढीच पाण्याची मुभा त्यांना होती; त्यात चहा, पेज, आमटी, औषधाचा घोट, सगळे आले. सकाळी ते एका बाटलीत तेवढे पाणी मोजून ठेवत आणि जेवणात जे पातळ येई तितके त्यातून झाडांना ओतून टाकत. मी कोपऱ्यात उभी राहून जास्तीचे पाणी प्यायले तर मला अपराधी वाटे. ते म्हणत, "तू पी, माझ्या वाट्याचा नळ बंद आहे, तुझा नाही." आमच्याकडे शहाळ्याला आडसर म्हणतात. पोटॅशियममुळे ते त्यांना कायमचे वर्ज्य झाले होते, आणि परसात तर पाच माड होते. त्या दुःखाविषयी ते एकदाच बोलले, चवथीला, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना.

डायलिसिस तंत्रज्ञ

मी त्यांना काकाच म्हणत असे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला विचारले की यंत्रात एका वेळेला किती पाणी लागते. मिनिटाला ५०० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत १२० लिटर, असे मी सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "माणसाला आठवड्याला साडेतीनशेच्या वर लिटर पाणी रक्ताशेजारून जाते आणि ते कुठून येते हे त्याला ठाऊक नसते, हे बरोबर नाही." त्या दिवसापासून ते दर वेळी आधी पाण्याच्या खोलीत जात आणि मगच खाटेवर येत.

हे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या विभागात त्यांचा खरा वाटा हाच होता. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावे, यासाठी काकांनी आयुष्य घालवले होते. डायलिसिसच्या पाण्यात मात्र एकूण क्लोरीन ०.१ च्या वर जाता कामा नये, कारण ते रक्तात उतरले तर तांबड्या पेशी फुटतात. ते अडवण्याचे काम सक्रिय कोळशाच्या टाक्या करतात. पावसात शुद्धीकरण केंद्रावर क्लोरीनची मात्रा वाढवली जाते तेव्हा कोळशावरचा भारही वाढतो, आणि हे केंद्राने कळवल्याशिवाय आम्हाला समजण्याचा मार्ग नव्हता. काकांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांना सांगून तो निरोप आमच्यापर्यंत पोहोचेल अशी सोय केली. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, केवळ एक दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लागला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपार येथे ओपाच्या जलवाहिन्या फुटून फोंडा आणि तिसवाडीत काही दिवस पाणी नव्हते. आमच्याकडे टँकर आला. काका त्या दिवशी रुग्ण म्हणून आले होते, पाय सुजलेले, धाप लागलेली. तरी टँकर कुठे भरला हे चालकाला विचारून, कोळशाच्या टाकीनंतरचे पाणी माझ्याकडून दोनदा तपासून घेतल्यावरच त्यांनी पहिल्या रुग्णाला सुई टोचू दिली. पहिला रुग्ण ते स्वतः नव्हते.

शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा मुलगा, सत्तरी

माझे वडील सुरुवातीला डायलिसिसला यायलाच तयार नव्हते. यंत्रात आपले सगळे रक्त एकदम बाहेर जाते, अशी त्यांची समजूत होती. काकांनी त्यांना नळीकडे बोट दाखवून सांगितले की एका वेळी पेलाभर रक्तच बाहेर असते, बाकी सगळे तुमच्याच अंगात फिरते. बाबा त्यानंतर तीन वर्षे जगले आणि एकही वार चुकवला नाही.

व्हॉल्व्हमन, निवृत्त

साहेब आजारी पडण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही काळ मी पाहिले. दोन्हीकडे शिकवण एकच होती, व्हॉल्व्ह हळू फिरवायचा. झटक्याने बंद केला तर वेगात येणारे पाणी आपटते आणि जुन्या वाहिनीचा सांधा सुटतो. एकदा रात्री अकराला डोंगरावरच्या टाकीची वाहिनी गळू लागली, आणि दुपारीच डायलिसिस झालेले असताना ते जीपमधून आले. पायऱ्या चढवेनात म्हणून खालच्या दगडावर बसले. मी वरून ओरडून विचारी, ते खालून सांगत. एक फेरा, थांब. आवाज ऐक. आणखी अर्धा. बंद होईपर्यंत वीस मिनिटे लागली असतील. मी खाली आलो तेव्हा त्यांनी विचारले की वरच्या वाड्यावर पाणी किती वाजता सोडतोस. मी पाच म्हणालो. ते म्हणाले, साडेचारला सोड, तिकडे एक बाळंतीण आहे.