रक्सौलचा पूल बंद पडला, त्यातून आपण काय कमावलं?

उंबरठा (धागाकर्ता)

परवा आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने टाकलं, "नेपाळचं पेट्रोल एकदा बंद करा, महिन्याभरात सुतासारखे सरळ होतील." मी लिहिलं, करून झालंय की, दोनदा. त्यावर सगळे चिडीचूप, मग थेट दुसऱ्या दिवशीचे सुप्रभातवाले गुलाब. म्हणून इथे मांडतोय.

पहिली खेप १९८९ची. आदल्या वर्षी नेपाळने चीनकडून विमानविरोधी तोफा घेतल्या होत्या. मार्चमध्ये व्यापार आणि मालवाहतुकीचे करार संपले आणि आपण दोन सोडून बाकी सगळे मालाचे मार्ग बंद केले. दुसरी खेप २०१५ची. २० सप्टेंबरला नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली. दोनच दिवस आधी आपले तेव्हाचे परराष्ट्र सचिव एस. जयशंकर काठमांडूला जाऊन आले होते, सगळ्यांना सोबत घ्या असं सांगायला. नेपाळी नेते थांबले नाहीत. आठवड्याच्या आत बिहारमधलं रक्सौल आणि नेपाळमधलं बीरगंज जोडणारा मालवाहतुकीचा मितेरी पूल अडला तो थेट फेब्रुवारीपर्यंत. मितेरी म्हणजे मैत्री, तीही मानलेल्या भावांची असते तशी. नावात काय असतं ते असो.

१९६१च्या बेलग्रेड परिषदेला नेहरू होते तसे नेपाळचे राजे महेंद्रही होते. म्हणजे अलिप्ततावादाच्या पहिल्या पंगतीला दोघेही बसलेले. पण आपण अमेरिका आणि रशिया दोघांशी बोललो तर ते धोरण, आणि नेपाळ दिल्ली आणि बीजिंग दोघांशी बोलला तर कृतघ्नपणा! हे गणित मला सुटत नाही.

आणि पदरात काय पडलं? राज्यघटना राहिली. तेव्हाचे पंतप्रधान के. पी. ओली राष्ट्रवादाचे नायक झाले. मार्च २०१६मध्ये त्यांनी बीजिंगला जाऊन चिनी बंदरं वापरण्याचा करार केला. ही दुसरी वाट शोधायची घाई त्यांना कुणी लावली?

खडूस_कारकून

साफ असहमत. "आपण अडवला" हे गृहीत धरूनच धागा काढलाय. पुलावर मधेशी आंदोलक (तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट भागातले नेपाळी) बसले होते, तेही नेपाळच्या बाजूला. तराईत त्या आंदोलनात चाळीसहून जास्त माणसं मेली, त्यांच्याबद्दल धाग्यात एक ओळ नाही. मतदारसंघ कसे पाडले, नागरिकत्वाचे नियम कसे केले, यावर मधेशींचा राग खरा होता. बिहारच्या सीमेवरच्या घरांची तिकडे सोयरीक आहे, तो राग इकडे ऐकू येणारच. आणि "राज्यघटना राहिली" हेही अर्धसत्य. जानेवारी २०१६मध्ये त्यांनी पहिली दुरुस्ती केलीच.

शिवाय १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री करारातलं ७वं कलम वाचा. नेपाळी माणूस इथे व्हिसाशिवाय राहतो, नोकरी करतो. तीच मुभा आपल्याला तिकडे असायला हवी, प्रत्यक्षात भारतीयाला नेपाळात जमीन घेता येत नाही. लहान भाऊ म्हणून किती दिवस लाड करायचे?

भिजपाऊस

पूल कुणी अडवला यावर वाद घाला, पण मी त्या थंडीत काठमांडूत होते, भूकंपानंतरच्या निवाऱ्यांच्या कामाला. एप्रिलच्या भूकंपात जवळपास नऊ हजार माणसं गेलेली, लोक अजून पत्र्याखाली. त्यात गॅस नाही. आमच्या घरमालकीणबाईंनी गच्चीवर तीन विटा मांडून चूल केली होती. सरकारी वखारीतून लाकडं आणायची, तीही ओली. सकाळी साडेपाचला धुराने डोळे चोळत त्या मला चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "बहिनी, तिम्रो मोदीले पठाएको धुवाँ." तुमच्या मोदींनी पाठवलेला धूर. हसून म्हणायच्या, राग नव्हता. मला मात्र तो चहा घशाखाली उतरायचा नाही.

पेट्रोल पंपासमोर मोटरसायकलींची रांग दोन वळणं घेऊन जायची. लोक गाडी रांगेत लावून घरी झोपायला जायचे. त्यांना तुमची मधेशींची बाजू समजावून सांगा बघू.

खडूस_कारकून

@भिजपाऊस, त्रास झाला हे मान्य. पण धूर मोदींनी पाठवला हे त्यांना कुणी सांगितलं? काठमांडूच्या पुढाऱ्यांनी. तराईतल्या माणसाशी बोलण्यापेक्षा दिल्लीला शिव्या देणं त्यांना सोपं होतं.

पाटाचं_पाणी

कारकूनसाहेबांशी सहमत. आणखी एक: तातोपानी. चीनच्या सीमेवरचं हे नेपाळचं मोठं नाकं भूकंपात बंद पडलं आणि चीनने ते मालासाठी उघडलं २०१९च्या मे महिन्यात. चार वर्षं! कुठे "नाकाबंदी"चे फलक? कुठे निदर्शनं? आपला पूल साडेचार महिने बंद, तर दहा वर्षांनीही धागे निघतात. चिनी बंदरांचा करार म्हणता, तर सगळ्यात जवळचं चिनी बंदर तीन हजार किलोमीटरच्या पलीकडे. कोलकाता त्या मानाने अंगणात. कागद बीजिंगचा, पण डाळ-तांदूळ अजून रक्सौलवरूनच जातो.

उंबरठा

तातोपानीचा मुद्दा चांगला, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. चीनने चार वर्षं दार लावलं तरी चीनवर राग नाही, कारण चीनकडून अपेक्षाच नव्हती. ज्या घरी रोज जेवायला जातो तिथे ताट ओढून घेतलं की ते आयुष्यभर लक्षात राहतं.

मधेशींबद्दल मी लिहायला हवं होतं, चूक मान्य.

पण १९५०च्या कराराचं कौतुक सांगण्याआधी खालच्या सह्या बघा. नेपाळकडून पंतप्रधान मोहन शमशेर राणा, आपल्याकडून राजदूत. पंतप्रधानासमोर राजदूत! नेपाळी माणसाला हे पाठ असतं. आणि त्या राणा राजवटीचा डोलारा काही महिन्यांतच कोसळला. पुढे १९७५मध्ये राजे बीरेंद्र यांनी नेपाळ "शांतिक्षेत्र" घोषित करा म्हटलं, शंभराहून जास्त देशांनी मान डोलावली. आपण नाही. का, तर या कराराला वळसा पडला असता.

हे सगळं तपासायला २०१६मध्ये दोन्ही देशांच्या मान्यवरांची समिती बसवली. आपल्या बाजूचे प्रमुख भगतसिंह कोश्यारी, हो, तेच, पुढे आपले राज्यपाल झालेले. २०१८मध्ये अहवाल तयार झाला. तो घ्यायला पंतप्रधानांकडे वेळच नाही. नुसता हातात घ्यायला!

चहाटळ

कोश्यारींचा अहवाल घ्यायला वेळ नाही यात मला मराठी माणूस म्हणून काही विशेष वाईट वाटलं नाही.

(अवांतर: ज्या बाईंनी चहा दिला त्यांना नमस्कार सांगा.)

विषुववृत्त

नाकाबंदी जुनी झाली हो. आता दाब वेगळ्या ठिकाणी आहे. पोखराचा विमानतळ चिनी कर्जातून बांधला, २०२३च्या १ जानेवारीला सुरू झाला, परदेशी विमानं जवळजवळ नाहीत. नेपाळ कधीपासून आपल्या आकाशातून जादा हवाई मार्ग मागतोय, आपण देत नाही. वीजही तशीच. पावसाळ्यात त्यांच्याकडे ती उतू जाते, आपण घेतो, पण ज्या प्रकल्पात चिनी पैसा त्याची युनिटं नको म्हणतो. यात कुणाच्या घरात धूर होत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही. धागाकर्त्यांना हेही चुकीचं वाटतं का?

उंबरठा

विजेचं चुकीचं वाटत नाही. कुणाकडून घ्यायची ते गिऱ्हाईकाने ठरवावं. हवाई मार्गाचं मात्र पटत नाही.

खडूस_कारकून

गिऱ्हाईकाने ठरवावं म्हणता, मग हेही ऐका. बिहारमधलं मोतिहारी ते नेपाळमधलं अमलेखगंज अशी इंधनाची पाइपलाइन, ६९ किलोमीटर, २०१९मध्ये सुरू झाली. त्यातल्या तेलाला आता टँकर नको, पूल नको, पुलावर बसणारा आंदोलक नको. गळाच दाबायचा होता तर आपण पाइप कशाला टाकला असता?

भिजपाऊस

त्या पाइपलाइनचा करार ऑगस्ट २०१५चा आहे. पूल अडला त्याच्या महिनाभर आधीचा.

आणि चावी मोतिहारीच्या बाजूला आहे. मागच्या दिवाळीत घरमालकीणबाईंना फोन केला होता, सहज विचारलं, आता गॅस वेळेवर येतो का? म्हणाल्या, येतो. पण विटा गच्चीवरच ठेवल्यात.