शेततळ्यात मागूर की पंगस? ‘देशी मागूर’ म्हणून स्वस्तात बी मिळतंय

कंदरचा_केळीवाला:
नमस्कार मंडळी. करमाळा तालुक्यात केळी आहे. ठिबकसाठी ३० × ३० × ३ मीटरचं कागद टाकलेलं शेततळं आहे. पावसाळ्यात भरून घेतो, मेपर्यंत निम्म्याखाली जातं. त्यात मासे सोडायचं मनात आहे. परवा माशांचं बी, म्हणजे पिल्लं, विकणारा एक बीवाला गाठ पडला. तो म्हणतो, देशी मागूर टाका, दहा हजार पिल्लं देतो, दोन रुपयाला एक. पाच-सहा महिन्यांत किलोचा मासा, चिकनच्या दुकानातली घाण टाकली तरी खातो, हवेचं मशीन लागत नाही. घरचे म्हणतात पंगस बरा. मावसभाऊ उजनी धरणात मासे वाढवायचे पिंजरे टाकणाऱ्या गटात ये म्हणतोय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. गुरुवारी बीवाल्याला उत्तर द्यायचंय.

भीमाकाठ_इंदापूर:
दादा, गुरुवारची वाट बघू नका, आजच नाही म्हणून कळवा. तो देशी मागूर नाही, थाई मागूर आहे, म्हणजे मूळचा आफ्रिकेतला. त्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आल्यावर मत्स्य विभागानं राज्यात ठिकठिकाणी तळ्यांतला हा मासा उपसून नष्ट केला. तुमच्या तळ्यात सापडला तर माल तर जाईलच, वर गुन्हा दाखल होईल.

बी न बघता मी एवढं ठाम कसं सांगतो? देशी मागूर पाच-सहा महिन्यांत किलोचा होतच नाही. वर्षभर नीट सांभाळला तर दीड-दोनशे ग्रॅम. आणि त्याचं बी एवढं स्वस्त पडूच शकत नाही. रोहू-कटल्याच्या नराचं पोट हलक्या हातानं दाबलं की वीर्य मिळतं. मागुराच्या नराचं तसं मिळत नाही. नर कापून वृषण काढायचं, कुटायचं, ते पाणी मादीच्या अंड्यांवर घालायचं. म्हणजे दर खेपेला नर जातो. मादीची अंडीही रोहूच्या मानानं फारच थोडी. एवढा खटाटोप करणारा माणूस दोन रुपयाला एक असे दहा हजार नग ओतत फिरणार नाही.

तरी खात्री हवी असेल तर मोठा मासा दाखवा म्हणा आणि डोक्याच्या मागची कडा बघा, जिथं कवटी संपते आणि पाठ सुरू होते. देशी मागुरात तिथं एकच निमुळतं टोक पाठीकडे जातं. थाईमध्ये ती कडा इंग्रजी डब्ल्यूसारखी वरखाली असते. डोकं लांब, चपटं, अंगावर ढगाळ डाग.

हा मासा दुसरे मासे, बेडूक, जे तोंडात मावेल ते खातो. पावसात बांध ओला झाला की सरपटत बाहेर पडतो. तुमचं पाणी ओढ्यानं कुठं जातं? भीमेलाच ना? आमच्या इथल्या भोई मंडळींचं पोट त्याच पाण्यातल्या शिंगाडा आणि मरळ या माशांवर आहे. हे सांगताना मला राग येतो, कारण बी विकणाऱ्याला हे सगळं माहीत असतं.

आता पंगस. तुमच्या तळ्यात होईल, पण दहा हजार विसरा. तळं भरलं की उतरते काठ धरून साधारण २० लाख लिटर पाणी, वरचा पसारा ९०० चौरस मीटर. हवेचं यंत्र नसेल तर दीड हजार नग, फार तर अठराशे. पंगस वर येऊन हवा घेतो, म्हणून पाणी बिघडलं तरी लगेच मरत नाही, आणि लोक तिथंच फसतात. कागदाच्या तळ्यात माती नसते, विष्ठा आणि उरलेलं खाद्य तळाशी साचून अमोनिया होतो. दुपारनंतर हिरवट पाण्याचा सामू (पीएच) चढतो, तेव्हा तोच अमोनिया जास्त जहाल होतो. तपासणीचं किट घ्या आणि संध्याकाळी चारला बघा, सकाळचा आकडा गोड दिसतो. खाद्य टाकल्यावर पाणी उकळल्यासारखं उसळलं पाहिजे. एखाद्या दिवशी मासा निवांत वर आला की खाद्य तिथंच थांबवायचं आणि तळातलं पाणी केळीला सोडायचं. खतही मिळतं. ठिबकचा सँड फिल्टर मात्र रोज उलटा धुवावा लागेल.

थंडी पंगसाला सोसत नाही. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की खाणं सोडतो, अंगावर पांढरे ठिपके येतात. फेब्रुवारीअखेर बोटभर लांबीची, दमदार बोटुकली सोडा आणि नोव्हेंबरात माल काढा. मेमध्ये पाणी निम्मं राहतं म्हणता, तर नग त्या निम्म्या पाण्याच्या हिशेबानं धरा.

खर्चाचं सांगतो. दीड किलो खाद्याला एक किलो मासा धरा. मला तरंगतं खाद्य ४४ रुपयांनी पडलं, म्हणजे किलोमागं ६६ रुपये नुसतं खाद्य. व्यापारी जागेवर काय देतो ते आधी विचारा, मग बी आणा.

पूर्वविदर्भ_तलाव:
भाऊ, आमच्याकडे भंडारा-गोंदियात मामा तलावांत, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांत, खरा मागूर अजून मिळतो. बाजारात पोहोचला की उभ्याउभ्या खपतो, बाळंतिणीला मुद्दाम देतात. त्याला उथळ, चिखलाचं पाणी लागतं. तीन मीटर खोल तळ्यात हवा घ्यायला सारखं खालीवर करून तो दमतो, वाढत नाही. खरं बी मिळालं तरी तुमची जागा त्याची नाही.

कंदरचा_केळीवाला:
सगळ्यांचे आभार. बीवाल्याला मोठा मासा दाखव म्हणालो, तर म्हणाला पिल्लं घ्यायची तर घ्या. नाही सांगितलं. पिंजऱ्याचं काय करू?

भीमाकाठ_इंदापूर:
बरं केलंत. पिंजऱ्यात माझा हिस्सा आहे, म्हणून सांगतो. ६ × ४ × ४ मीटरच्या पिंजऱ्यातून चांगल्या वर्षी तीन टनांपर्यंत माल निघतो. जाळीतून पाणी खेळतं म्हणून पिंजऱ्यात घाण साचत नाही, मांसाला चिखलाचा वासही कमी. पण उजनी ११७ टीएमसीचं, त्यातला ६३ मृतसाठा, आणि उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, जातंच. मावसभावाला विचारा, मेअखेर पिंजऱ्याच्या तळाखाली किती पाणी उरतं आणि पिंजरे ओढून खोल पाण्यात न्यायला बोट कुणाची आहे. रात्री राखणीला कोण झोपतं तेही विचारा. परवानगी आणि पाण्याचा ठेका कुणाच्या नावावर आहे, ते कागद हातात घेऊन वाचा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान आहे. ते नंतर हातात येतं, आधी सगळं आपल्या खिशातून. यंदा तळ्यात पंगस करा, व्यापारी ओळखीचे होऊ द्या. पुढच्या मेमध्ये माझ्याबरोबर बोटीत या, पाणी उतरलेलं असताना जागा दाखवतो.