सोसायटीचा पंप दुपारीच चालवायचा तर नियमात काय हवं?

बाणेर_समिती: १०० सदनिका, वरची टाकी ३०,००० लिटर, ५ एचपीचा पंप फ्लोट स्विचवर. पाणी उतरलं की पंप सुरू, म्हणजे नेमका सकाळच्या आणि रात्रीच्या गर्दीच्या वेळी. तो दुपारच्या सौर तासांतच (सौर वीज भरपूर असते त्या वेळेत) चालवता येईल का? नव्या इमारतींच्या ऊर्जा नियमांवर सूचनाही पाठवायच्या आहेत. त्यांत काय मागावं?

वायरिंग_हडपसर: टायमर आणि वरचा फ्लोट सिरीजमध्ये घ्या, म्हणजे दोन्ही चालू असतील तेव्हाच पंप लागेल. टाकी पाव भागावर आली की टायमरला बायपास करणारा दुसरा फ्लोट पॅरललमध्ये, आणि तो अर्ध्या टाकीला बंद झाला पाहिजे, नाहीतर रात्रीच पूर्ण टाकी भरून बसेल. खालच्या टाकीचा ड्राय-रन फ्लोट (खाली पाणी संपलं की पंप थांबवणारा) मात्र दोन्ही वाटांच्या आधी. तो फक्त टायमरच्या वाटेवर जोडला, तर बायपासवर पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं. टायमर बॅटरीवाला घ्या. वीज गेली की साध्याचं घड्याळ मागे पडतं.

ऑडिट_डेक्कन: आधी हिशेब. माणशी १३५ लिटर, घरटी चौघं, म्हणजे रोज ५४,००० लिटर. ४० मीटर चढवायला ४० टक्के कार्यक्षमतेने हजार लिटरला ०.२७ युनिट, एकूण १५ च्या आसपास. मीटर २५ दाखवत असेल तर टायमरचं नंतर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडून बघा. तो गळत असेल तर चढवलेलं पाणी परत खाली येतं.

आणि टाकी पुरणार नाही. संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ ३५,००० लिटर लागले तर पहाटेच खडखडाट. १०,००० लिटर वाढवणं म्हणजे गच्चीवर १० टन; जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नकोच.

नियम_शिवाजीनगर: म्हणूनच हे नकाशा मंजुरीच्या वेळीच मागायला हवं. इको निवास संहिता २०१८ (निवासी इमारतींसाठीची केंद्राची ऊर्जा संहिता) भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवायला सांगते. ते हवंच. पण २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे, आणि त्याचा फायदा घेता येईल अशी इमारतच नसेल तर उपयोग काय? सूचनेत लिहा: संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ पुरेल एवढी वरची टाकी, पंपाला वेगळा सबमीटर, गाड्यांच्या चार्जिंगला एकत्रित मर्यादा. खरा भार तिथेच आहे. ३.३ किलोवॅटचे १० चार्जर संध्याकाळी एकदम लागले तर ३३ किलोवॅट. १२ किलोवॅटची मर्यादा घालून रात्री दहा तास वाटून दिले, तरी प्रत्येक गाडीला १२ युनिट मिळतात.

वायरिंग_हडपसर: खालची टाकीही मोजा. पालिकेचं पाणी पहाटे येत असेल आणि पंप दुपारी लागणार असेल, तर ते सगळं तोवर खाली मावलं पाहिजे. नाहीतर टाकी भरून इनलेट बंद होईल आणि त्या दिवशीचं पाणी हातचं जाईल. अग्निशमनाचा साठा यात धरू नका.