प्रति: दोन चॅनेल ओढले की झालं?
दोन्ही चॅनेल, म्हणजे बटणाचा सिग्नल नेणारे दोन स्वतंत्र मार्ग, वेगवेगळ्या वायरने इमर्जन्सी बटणापर्यंत नेले की सेफ्टी रिलेचं (बटण दाबलं की मशीन थांबवणाऱ्या रिलेचं) काम संपलं, असं वर म्हटलंय. अर्धंच पटतं. ती बटणाकडची बाजू झाली, मोटरकडचं काय? रबाळे एमआयडीसीत एका प्रेसवर के१, के२ हे मोटरचा सप्लाय जोडणारे-तोडणारे दोन्ही काँटॅक्टर सिरीजमध्ये, ड्रॉइंग एकदम चोख. पॅनेल उघडलं तर फीडबॅकच्या (काँटॅक्टर खरंच सुटला का, हे रिलेला कळवणाऱ्या) टर्मिनलवर टेस्टिंगला मारलेला जंपर, म्हणजे थेट जोडलेली वायर, तसाच! के१चे काँटॅक्ट चिकटलेले, कधीपासून देव जाणे. के२ सुटत होता म्हणून मशीन थांबायचं, आणि कुणाला पत्ताच नाही. तोही चिकटला असता तर बटण ठोकत बसायची वेळ.

त्या जंपरच्या जागी दोन्ही काँटॅक्टरचे एनसी, म्हणजे काँटॅक्टर सुटलेला असताना जुळलेले राहणारे काँटॅक्ट, सिरीजमध्ये घ्यायचे. एक जरी चिकटला तरी पुढचा रिसेट लागत नाही. मात्र एनसी मिरर काँटॅक्टच हवा, म्हणजे मोटरचा करंट नेणारा मेन पोल चिकटलेला असताना तो जुळूच शकत नाही. ड्रॉवरमध्ये सापडेल तो ब्लॉक लावू नका. तपासायला सप्लाय बंद करून के१ची एनसी वायर काढा, परत चालू करून रिसेट दाबा. रिले लागला, तर जंपर शोधायला घ्या.