स्टील कॉइल (पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या) जहाजाच्या होल्डमध्ये (माल ठेवायच्या कोठारात) लावताना लॉकिंग कॉइल किती खाली बसावी?

नवशिका: कॉइलचा अक्ष जहाजाच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा म्हणतात. मग जहाज डोललं की त्या बाजूंना घरंगळणार नाहीत?

गोदीकर: जागा मिळाली तर घरंगळणारच. म्हणून एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ओळ गच्च भरायची. खाली जहाजाच्या रुंदीला समांतर डनेजच्या (मालाखाली अंथरायच्या लाकडी) फळ्या, कॉइलखाली पाचरी. दोन्हीकडून मधे येत शेवटी जी फट उरते तिच्यात वरून लॉकिंग कॉइल बसवायची. ओळीच्या माथ्यापासून ती स्वतःच्या व्यासाच्या साधारण एक-तृतीयांशाहून खाली जाऊ नये. फट फार रुंद असेल तर ती खोल बसते आणि शेजारच्यांना बाजूला दाबतच नाही; अशा वेळी दोन लॉकिंग कॉइल वापरा. मग स्टीलच्या पट्टीने ती दोन्ही शेजारणींना बांधा. पट्टी कडेवर घासून तुटते, तिथे लक्ष ठेवा.

डेकवाला: टँकटॉपची (होल्डच्या तळाची) मर्यादा टन प्रति चौरस मीटरमध्ये लिहिलेली असते, पण ती समान पसरलेल्या मालासाठी. कॉइलचं वजन फळ्यांच्या मोजक्या रेषांवर येतं. फळ्यांची संख्या, कॉइलची रुंदी आणि थर यांचा मेळ जहाजाच्या लोडिंग मॅन्युअलशी (माल भरण्याच्या पुस्तिकेशी) घालूनच थर ठरवा. नुसता भागाकार करून चालत नाही.

गोदीकर: आणि गंज! थंड प्रदेशात भरलेला माल उष्ण, दमट हवेत नेताना होल्डला वायुवीजन देऊ नका. बाहेरची वाफ थेट थंड पोलादावर पाणी होऊन बसते. हॅच कव्हरची (होल्डच्या झाकणाची) रबर सील भरण्याआधीच तपासा.