शिस्त आधी की समजूत?

उपासनेची शिस्त लावली की मुलांची ख्रिस्ती ओळख आपोआप घडते, असे मत मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. बायबलमधील इफिसकरांस पत्रात (६:४) बापांना आधी मुलांना चीड न आणण्याची आज्ञा आहे, शिक्षण नंतर येते. विरार-चर्चगेट लोकलने दमून परतलेल्या बापाकडून नेमका हाच क्रम उलटतो. स्वतःची किंमत पगारावर ठरवणारा बाप मुलांची गुणपत्रिकाही त्याच नजरेने पाहणार. ओळख समजुतीने घडते, हे कवी नारायण वामन टिळकांच्या घरात दिसते: त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तरी आडनाव सोडले नाही आणि पुढे ख्रिस्ती अभंगही रचले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र काही वर्षांनंतर, स्वतःच्या विचारांती बाप्तिस्मा घेतला. (इतकी वाट पाहणे सोपे नसणारच.) म्हणून मुलगा दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यातील विश्वास स्वतः पक्का करण्याच्या विधीच्या) वर्गास अद्याप तयार नसेल, तर वर्षभर थांबण्यास हरकत नसावी.