मुलीला व्हायोलिनसाठी स्वतःच्या रचना करायच्यात, एल. सुब्रमण्यम यांच्यासारखं करिअर कसं घडतं?

स्वरालीची_आई: नमस्कार मंडळी. लेक अकरावीत आहे, लहानपणापासून हिंदुस्थानी व्हायोलिन शिकतेय. हल्ली दिवसरात्र कर्नाटक शैलीचे व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम ऐकते आणि मलाही ऑर्केस्ट्रासाठी लिहायचंय म्हणते. गुरुजी म्हणतात आधी रियाज, तिचे बाबा म्हणतात आधी डिग्री, आणि मला दोघांचंही पटतं त्यामुळे काही ठरतच नाहीये. त्यांनी नेमकं काय काय केलं ते कुणी सांगेल का? आणि 'शक्ती' या फ्युजन बँडमध्ये तबल्यावरच्या झाकीरभाईंबरोबर (झाकीर हुसेन) होते ते हेच ना?

मैफलवेडा: नाही ताई, 'शक्ती'मधले ते एल. शंकर, यांचे धाकटे भाऊ. थोरले एल. वैद्यनाथन, म्हणजे 'मालगुडी डेज'चं संगीत ज्यांचं ते. तिघंही वडिलांकडेच शिकले, व्ही. लक्ष्मीनारायण. ते श्रीलंकेत जाफन्याला शिकवायचे, तिथल्या १९५८ च्या दंगलीत सगळं सोडून मद्रासला यावं लागलं. कर्नाटक संगीतात व्हायोलिन म्हणजे मुख्यतः गायकाची साथ, आणि वडिलांचा ध्यास होता की हे वाद्य स्वतंत्रपणे मैफलीत उभं राहिलं पाहिजे. सुब्रमण्यम यांनी तो ध्यास पुढे नेला असं मी मानतो. पण म्हणून साथ टाळली नाही, चेंबईंसारख्या दिग्गज गायकांच्या मागे बसून वाजवलंय. डिग्रीचं म्हणाल तर मद्रास मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस, आणि मग कॅलिफोर्नियाला जाऊन पाश्चात्त्य संगीतात मास्टर्स! १९७४ मध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांच्याबरोबर दौरा, १९८५ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर 'फँटसी ऑन वेदिक चांट्स', कंडक्टर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. 'सलाम बॉम्बे'चं संगीतही त्यांचंच. २०२५ ला पद्मविभूषण मिळालं. सांगायचं एवढंच की ऑर्केस्ट्रा आला तोवर हात पक्का तयार झालेला होता, त्यामुळे गुरुजींचं चूक नाहीये.

गज_आणि_तार: मी व्हायोलिन शिकवतो म्हणून थोडं कामाचं लिहितो. वाजवणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, पण एकीसाठी दुसरं थांबवायची गरज नाही. आपण व्हायोलिन सा-प-सा-प असं लावतो, मांडी घालून वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवतो, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं), गमक (स्वराला दिलेला झोका) सगळं त्या घसरणाऱ्या बोटातून येतं. ऑर्केस्ट्रातले वादक समोरचा कागद वाचतात. पन्नास-साठ जणांना "इथे जरा आंदोलन द्या", म्हणजे स्वर हळुवार झुलवा, असं सांगून एकसारखं येत नाही, ते कागदावर उतरवावं लागतं. शिवाय व्हायोला वेगळ्या क्लेफमध्ये (कागदावर स्वरांची जागा ठरवणारं चिन्ह) वाचतो, बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतो, हे सगळं शिकावंच लागतं. थिअरी आत्ताच सुरू करा, आठवड्याला दोन तास दिले तरी पुरे. आणि लगेच ऑर्केस्ट्रा नको. तिला येणारी दरबारीतली एखादी बंदिश घेऊन फक्त व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशी लिहू दे. चेलोला सा-प धरून ठेवायला सांगा आणि वरचा कोमल गंधार स्टाफवर (पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या पाच रेघांवर) लिहायला लावा. त्या एका गंधारावर तिचे चार दिवस जातील आणि बरंच काही कळेल. मुंबईत एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम असतात, जमलं तर नक्की घेऊन जा.

विदर्भातला_श्रोता: वरचं सगळं मान्य पण माझं मत जरा वेगळं. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं की कलाकार मोठा झाला असं मुलांच्या डोक्यात बसतंय ते मला खटकतं. सुब्रमण्यम यांचं मला सगळ्यात भिडतं ते नुसतं व्हायोलिन आणि मृदंगम, तासभर एकच राग, आलापनेत (तालाशिवायच्या संथ रागविस्तारात) ते खालच्या तारेवर जे रेंगाळतात ते ऐकाच. ऑर्केस्ट्रा आला की बऱ्याचदा राग पुढे चालतो आणि बाकीचे नुसते मागे आधाराला उभे राहतात. आपल्याकडे हिंदुस्थानी व्हायोलिनवर डी. के. दातार, व्ही. जी. जोग यांनी काय वाजवून ठेवलंय ते तिने ऐकलंय का? आणि एन. राजम, कर्नाटकी घरातल्या असून गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून गायकी अंग, म्हणजे गळ्यासारखं वाजवणं, व्हायोलिनवर आणलं, हीसुद्धा नवनिर्मितीच आहे की.

स्वरालीची_आई: सगळ्यांचे मनापासून आभार, हे तिला वाचून दाखवलं. राजमबाईंचं ऐकते ती, दातारांचं आज लावलं. दरबारीचं काम लगेच घेतलंय. एकच शंका, वेस्टर्नवाल्यांबरोबर वाजवायचं तर उभं राहून, हनुवटीखाली धरून परत पहिल्यापासून शिकावं लागेल का? तिला त्याचीच भीती वाटतेय.

गज_आणि_तार: अजिबात नाही. सुब्रमण्यम ऑर्केस्ट्राबरोबरही मंचावर मांडी घालूनच वाजवतात. बैठक बदलू नका, हातच बिघडेल. फक्त पट्टी, म्हणजे सा कुठल्या स्वरावर धरायचा ते, आधी ठरवा, कारण आपला सा हलवता येतो, त्यांच्या वाद्यांना सगळ्याच पट्ट्या सारख्या सोयीच्या नसतात. डी किंवा जी धरून लिहायला सांगा, तंतुवाद्यांच्या मोकळ्या तारा त्यात छान बोलतात.